वाट बघणारं कुणीतरी

सुट्टीची गर्दी, डोक्यावर ऊन आणि सकाळपासून गाडीगाडीच्या खिडकीत वाकून म्हटलेलं तेच वाक्य: "सावकाश जा, घरी कुणीतरी वाट बघतंय." महामार्गावरच्या गस्तीच्या हवालदाराचा घसा पार बसला होता.

एका जुन्या निळ्या गाडीत आजोबा एकटेच होते. हवालदाराने हातात दिलेलं सुरक्षित प्रवासाचं पत्रक परत करत ते म्हणाले, "माझी कुणी वाट बघत नाही रे बाबा. दुसऱ्या कुणाला दे. जातो."

"जातो काय म्हणता? येतो म्हणावं!" हवालदार वैतागून बोलून गेला. "आणि परतताना मला तोंड दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी बघतो वाट!"

मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. तो पुढच्या खिडकीत वाकला आणि आजोबांना विसरूनही गेला.

चारेक दिवसांनी, परतीच्या गर्दीत एक निळी गाडी पार रस्त्याच्या कडेला, त्याच्यापाशी येऊन थांबली.

"इथे थांबायचं नाही! पुढे घ्या, पुढे!" तो खेकसला.

काच खाली झाली. दमूनभागून आलेला माणूस घराच्या दारातून देतो तशी हाक आली,



"आलो रे!"