तेवढं राहू दे

लॉन्सेस्टनला माहेरी आल्या आल्या ब्रायनी वडिलांचा कॉम्प्युटर घेऊन बसली. तो उघडायचा अवकाश, की पडदाभर जाहिराती उसळायच्या. घोड्यांवरच्या पैजा, वजन घटवायच्या गोळ्या, नाही नाही ते.

“बाबा, फुकट मिळालं की काहीही उतरवून घेता का हो?”

तिचे वडील लिंडसे खुर्ची ओढून शेजारी बसले. ती एकेक घुसखोर प्रोग्रॅम शोधून काढून टाकत गेली. शेवटच्या नावापाशी मात्र ते पुढे झुकले. “तेवढं राहू दे गं.”

“अहो, सगळी घाण ह्याच्याबरोबरच तर आलीय!” तिने तेही काढून टाकलं. पडदा स्वच्छ झाला.

एवढ्यात तिची चिमुरडी ईडी अंगणातून धावत आली. ईडीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लिंडसे तिच्याकडे वळले आणि चाचपडत, हातांच्या खुणांनी त्यांनी विचारलं, ‘भूक लागली?’

ब्रायनी बघतच राहिली. आजवर ते नातीकडे बघून नुसते हसायचे. “हे कुठे शिकलात, बाबा?”

“आत्ता काढलंस ना, त्यातच. अर्धंच झालं होतं.”

ब्रायनी काढून टाकलेलं ते नाव पुन्हा शोधू लागली. ईडीने मात्र आजोबांचा चुकलेला अंगठा धरून सरळ केला, आणि पुन्हा करून दाखवा म्हणून खुणावलं.