दोन्ही हात
रोह्याच्या मैदानात शाळांची विज्ञानस्पर्धा रंगली होती. गरम हवेचा फुगा जास्तीत जास्त वेळ तरंगवायचा. दोरा सुटला की बाद! पेणच्या शाळेतल्या दिशाने कागदी फुग्यावर चक्क डोळे आखले होते. “रंगानं जड झाला गो,” दोरा धरलेला रितेश कुरकुरला. “डोळे आखल्याशिवाय आमच्या गणपतीच्या कारखान्यातून काय बाहेर जात नाय,” दिशा फणकारली. शेगडीवर फुगा फुगला, डुलला, अडून बसला. मग तो अलगद उठला, वळला, आणि सगळ्यांकडे टकमक बघत वर चढला. परीक्षकांनी स्टॉपवॉच दाबलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “गणपती बाप्पा…” “मोरया!” रितेशचे दोन्ही हात वर गेले आणि दोरा सुटला. फुगा नदीपलीकडे निघाला. रितेशने जीभ चावत परीक्षकांकडे पाहिलं. स्टॉपवॉच गवतात पडलं होतं आणि त्यांचेही दोन्ही हात अजून वरच होते.