होड्यांवरच्या हिरव्या पताका

"कुणी बांधल्या ह्या?" मालाकी धक्क्यावरूनच गरजला.

डर्व्हला शिडीवरच थिजली. पहाटेपासून खपून तिने बंदरातल्या साती होड्या हिरव्या पताकांनी सजवल्या होत्या. सेंट पॅट्रिकचा सण म्हणजे हिरवं हवंच! टपालवाल्या नवऱ्यालाही तिने पत्ता लागू दिला नव्हता. लग्न होऊन या गावात येऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे तिला 'आतल्या मुलखातली'च म्हणत. यंदा पहिल्यांदा सजावट तिच्याकडे आली होती. आज तरी गाव आपली म्हणेल, एवढीच बिचारीची आस.

"मीच बांधल्या. छान दिसतात ना?"

"छान? अगं बाई, होडीला हिरवा रंग? माझ्या बापाने कधी हिरवा मोजा घालून होडीत पाय टाकला नाही! शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे इथे."

"काढते, आत्ता काढते..."

"आता काढून काय उपयोग? अपशकुन लागला तो लागला. आज एकही होडी बाहेर पडायची नाही!"

मागे उरलेल्या सहा होड्यांचे तांडेल तोंडं पाडून उभे होते. एकाने तर टोपी काढून आपटली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं डर्व्हलाला झालं. सजावटीच्या बैठकीत या साती जणांच्या बायका होत्या की! तिने बेत सांगितला तेव्हा एकीनेही हूं की चूं केलं नव्हतं. मालाकीची बायको कोन्सेप्टा तर म्हणाली होती, "गाठी घट्ट मार गं, वारा फार असतो." नऊ वर्षं पाण्यात गेली. डर्व्हला तिथेच मुसमुसून रडली.

दुपारी मिरवणूक निघाली. दरवर्षी त्यात बायका, पोरं आणि पाद्रीबाबा, पुरुष सगळे समुद्रावर. आज जाणार कुठे? कुरकुरत का होईना, सगळे आले. दुसरी गल्ली येईतो मालाकी नातीला खांद्यावर घेऊन बेसूर गात होता, आणि टोपी आपटणारा गडी बायकोचा हात धरून चक्क नाचत होता.

डर्व्हला चर्चच्या भिंतीआड उभी होती. कोन्सेप्टाने तिला बरोबर हुडकलं आणि हातात गरम चहा कोंबला.

"तुम्ही सांगितलं का नाही मला? फजिती बघायची होती माझी?"

"वेडी का काय! चाळीस वर्षं मी या माणसाला सांगतेय, सणाला एक दिवस घरी थांब. ऐकतोय कसला? आमच्यापैकी कुणी हिरवं बांधलं असतं ना, तर जन्मभर उद्धार झाला असता. तुझं काय, तू बाहेरची, तुला माहीतच नव्हतं. तुला सगळं माफ."

तिने डर्व्हलाच्या कमरेला घट्ट विळखा घातला आणि हसणाऱ्या बायकांच्या घोळक्यात तिला ओढत नेलं.

"आणि ऐक, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. अजून दहा वर्षं तरी तुला आपली म्हणायचं नाही!"