लिहिणं शिकवता येत नाही

“भाषण तयार आहे ना?” जिना चढता चढता सरांनी पुन्हा विचारलं.

“तयार आहे सर. दोन महिने त्याच्याच मागे आहे.”

“मग मला का नाही दाखवलंस?”

“आता ऐकालच की.”

सर नाराजीनेच पुढची पायरी चढले. लेखन-अध्यापनाचा विभाग त्यांनी स्वतः उभा केला होता, आणि तो ठेवायचा की बंद करायचा हे विद्यापीठाचं मंडळ आज ठरवणार होतं. मास्तरीण त्यांची संशोधक विद्यार्थिनी. विभागाची बाजू मांडायला त्यांनी तिलाच पुढे केलं होतं.

मास्तरीण हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती पाहुण्यांचीही वाक्यं दुरुस्त करायची, म्हणून थोरल्या भावाने ते ठेवलं आणि ते पुढे विभागातही पोचलं. ती लेखन शिकवण्याच्या विषयात डॉक्टरेट करणार म्हटल्यावर हाच दादा म्हणाला होता, “मोठ्या माणसांना लिहायला शिकवणार? मग पुढच्या वर्षी जांभई द्यायलाही शिकव.”

तिचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शाळेत कुणीतरी चारचौघांत वही भिरकावली आणि तेव्हापासून ज्यांनी लिहिण्याचा धसकाच घेतला, अशी मोठी माणसं पुन्हा लिहिती होतात का, हे ती शोधत होती. त्यासाठी तिने तळमजल्यावरची एक अडगळीची खोली मागून घेतली होती. दुपारच्या सुट्टीत तिथे कुणीही यावं. विद्यार्थी येत, कारकून येत, कधी एखादे प्राध्यापकही येत. कोण आलं आणि काय लिहून गेलं, हे ती कुणाला सांगत नसे. सरांनाही नाही. कच्चं लिखाण दुसऱ्यापुढे ठेवायला केवढं धाडस लागतं, हे ती जाणून होती.

बैठकीच्या दाराशी सर थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, “एक बरं आहे. विरोधात कुलसचिव बोलणार आहेत. गेल्या वर्षी काय झालं आठवतंय ना? दोन वाक्यांत त-त-प-प. शेवटी कागद दुसऱ्याच्या हातात देऊन खाली बसले.”

“माणूस तयारी करून येऊ शकतो सर.”

“ब्रह्मदेव आला तरी त्या माणसाला बोलतं करू शकणार नाही.”

मास्तरीण हसली आणि दार ढकलून आत गेली.

लांब टेबलाभोवती मंडळी बसली होती. अध्यक्षबाईंनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि कुलसचिवांना सुरुवात करायला सांगितलं. ते उठले. अंगाने भारदस्त, मिशा पिकलेल्या, हातात दोनच पानं.

“बोलायला उभा राहिलो की माझे पाय कापतात,” ते म्हणाले. “टेबल आहे म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.”

सगळे हसले, आणि हसता हसता ऐकू लागले.

“आम्ही दोघं भावंडं,” कुलसचिव पुढे म्हणाले. “घर एक, शाळा एक, मास्तरही तेच. माझी बहीण मावशीला पत्रं लिहायची, तर मावशी ती शेजारणींना गोळा करून वाचून दाखवायची. मी खाली नुसती सही करायचो. लिहिणं अंगात असावं लागतं. शिकवून आलं असतं तर मलाही आलं असतं.”

मग विभागाच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा त्यांनी आपणहून मांडला. त्याला पुरेपूर मान दिला. सगळे माना डोलावू लागल्यावर त्यांनी त्याच मुद्द्याच्या पायाखालची वाळू अलगद काढून घेतली. आवाज कुठे चढला नाही, एक वाक्य फालतू आलं नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, “लिहिणं शिकवता येत नाही. जे शिकवता येत नाही, त्याचा विभाग नको.” आणि बसले.

मग कुणीतरी टेबलावर थाप मारली आणि सगळ्यांनीच ती उचलून धरली.

मास्तरणीचे डोळे भरून आले होते. सरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” ते पुटपुटले.

“छान बोलले ना?”

“छानच बोलले.” सरांचा चेहरा उतरला होता. “आता तू काय बोलणार, डोंबल?”

अध्यक्षबाईंनी तिचं नाव पुकारलं. मास्तरीण रिकाम्या हातांनी उठली.

“मला भाषण करायचं नाही,” ती म्हणाली. “कुलसचिवांना एक प्रश्न विचारायचाय.”

सरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “विचारा.”

“साहेब, गेल्या वर्षी याच जागी तुम्हाला कागद दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला होता. आज तुम्ही सगळ्यांना मुठीत घेतलंत. असं लिहायला कुठे शिकलात? सांगायचं नसेल तर राहू द्या. मी पुन्हा विचारणार नाही, गुपचूप खाली बसेन.”

तिचा शब्द म्हणजे शब्द होता. ‘माझं मीच शिकलो’ एवढं ते म्हणाले असते तरी विभागाला त्याच दुपारी कुलूप लागलं असतं.

कुलसचिवांनी चष्मा काढला. अध्यक्षबाईंकडे पाहिलं, मग समोरच्या दोन पानांकडे. पानांवरून एकदा हात फिरवला. मग पिकलेल्या मिशांखाली हसू फुटलं, आणि त्यांनी ती पानं दुमडून खिशात घातली.

“तळमजल्यावर,” ते म्हणाले. “तुमच्याकडे.”