अख्ख्या जिल्ह्यात एकच अर्ज

देवाशपथ सांगते, यातला शब्द न शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी उरलेली दीड दाढ आत्ता इथंच गळून पडो.

तर शिवाजी नगरात, नलिनीच्या घरी, भर दुपारी एक सरकारी माणूस चहाचा कप धरून नुसता बसला होता. कप तोंडाला लावेना. समोर पलंगावर नलिनीचा नवरा, काशिनाथ. उजवी बाजू गेलेली, जीभ लुळी. उशाशी एक जुना मोबाइल.

"अम्मा, आपने अर्जी दी ही क्यों?" तो माणूस म्हणाला. "पूरे जिले में एक ही आई है. आपकी."

नलिनी काय सांगणार? अर्ज नवऱ्यानंच करायला लावला होता.

झटका आल्यापासून दोन वर्षं काशिनाथच्या तोंडून नुसतं 'आंब ऊंब' निघायचं. डॉक्टरला कळेना, पोटच्या पोराला कळेना. महागड्या कंपनीच्या यंत्रालाही त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग सुनेनं, शर्वरीनं, नेटवर कुणालाही फुकट मिळतं तसलं एक एआयचं मॉडेल मोबाइलात उतरवलं आणि चार महिने त्याला सासऱ्याची भाषा शिकवली. कुठलं 'ऊंब' म्हणजे पाणी, कुठलं म्हणजे पंखा बंद कर. एक दिवस जेवताना मोबाइल बोलला, "नलू, वरणात मीठ नाही." दोन वर्षांनी नवऱ्यानं खोड काढली म्हणून ती बाई इतकी रडली, इतकी रडली, की वरण आपसूक खारट झालं.

मग नियम आला. कुठंतरी अशाच एका फुकटच्या मॉडेलनं आजाऱ्याला भलत्याच गोळ्या सांगितल्या होत्या, माणूस गेला. तेव्हा आजाऱ्यासाठी घरी असलं काही वापरत असाल तर अर्ज करून कळवा, आणि तपासणी होईपर्यंत पुसून टाका. नियमात तसं वाकडं काही नव्हतं.

"आई, घरात कोण बघायला येतंय?" शर्वरी म्हणाली होती. "चुपचाप राहायचं."

पलंगावरून आवाज आला. मोबाइलनं लगेच सांगितलं, "अर्ज करा. तीन प्रती."

चाळीस वर्षं सरकारी कचेरीत हेडबाबू होता तो. तिथली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही.

"बाबा, तुमचंच बोलणं बंद होईल!"

"नियम आहे. सही मी करतो."

आणि केली. डाव्या हातानं, तिन्ही प्रतींवर. अर्धा तास लागला. अंगठा लावा म्हटलं तर डोळे वटारले.

"तपासणी कधी होणार?" शर्वरीनं आता विचारलं.

"साल भर. शायद ज्यादा." त्या माणसानं कप खाली ठेवला. "मुझे मिटवाकर ही जाना है, बेटी. कॉपी भी."

शर्वरी काही बोलणार, तोच मोबाइल बोलला, "हो. कॉपीसुद्धा."

 तो माणूस उठला. "अम्मा, पाँच मिनट बात कर लीजिए. मैं बाहर खड़ा हूँ."

नलिनी पलंगाच्या कडेला बसली. लग्नाला त्रेपन्न वर्षं झालेली. विचारायचं एवढं होतं, की सुरुवात सापडेना.

"अहो, पाठ दुखते का?"

"साहेबांना चहा दिलास?"

"दिला हो."

"सोबत काही?"

"बिस्किटं दिली."

"तिसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घे. पोच म्हणून ठेव."

"मरू द्या ती पोच! माझ्याशी बोला की काहीतरी."

 जन्मभर टिपणं लिहिलेला माणूस, बायकोशी बोलायला शब्द कुठून काढणार? बघता बघता दारावर टकटक झाली.

शर्वरीनं मोबाइल उचलला. कॉपी होती तो लॅपटॉपही उघडला. त्या माणसानं मान वळवून घेतली. पुसायला किती वेळ लागावा? नलिनीनं पदराला नाक पुसलं, तेवढाच.

आणि तेव्हा काशिनाथ बोलला.

लांबलचक बोलला. एवढं तर तो धडधाकट होता तेव्हाही एका दमात बोलला नव्हता. डाव्या हातानं त्यानं नलिनीचं मनगट धरलं होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. शर्वरी सवयीनं हातातल्या मोबाइलकडे बघत होती. तो गप्प. दारातला माणूस आपल्या चपला बघत होता.

नलिनीनं त्याच्या तोंडाला कान लावला. शेवटपर्यंत ऐकलं. तिला सगळं कळलं.

"हो," ती म्हणाली. "कळलं हो. सगळं कळलं."

काशिनाथ अर्ध्या तोंडानं हसला. मनगट सोडलं. निवांत डोळे मिटले.

बरं, आता एक सांगून टाकते. ती 'कळलं' म्हणाली ते खरं. तो हसला तेही खरं. तिला कळलं, एवढंच मी माझ्या पदरचं घातलं.