ओळखीचा आवाज
व्हर्जिल आणि हॉलिस या मित्रांनी व्हर्जिलच्या गॅरेजात जुन्या फोर्डचं इंजिन हिवाळाभर खपून तगडं केलं होतं. इंजिनाच्या झडपा उघडणारी कॅमशाफ्ट तर घासून वेगळ्याच आकाराची केली होती, त्यामुळं इंजिन अडखळत धडधडायचं. ते गुपित दोघांतच होतं. शर्यतीच्या सकाळी मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर प्रतिस्पर्धी डॉयलनं गाडी सुरू केली आणि व्हर्जिल थबकला. आपल्याच इंजिनाचा अडखळता आवाज! त्यानं हॉलिसकडं पाहिलं. हॉलिसनं मान खाली घातली. “आपली कॅमशाफ्ट दाखवलीस त्याला?” “दाखवली. तो मला गाडी चालवायला देतोय. तू कधी स्टिअरिंगला हात लावू दिलास, लेका? मी आपला स्पॅनर पुसणारा!” आजची पहिली फेरी हॉलिसला द्यायची म्हणून व्हर्जिलनं नव्या हेल्मेटवर मित्राचं नाव रंगवून आणलं होतं. ते सीटमागून काढून त्यानं हॉलिसच्या हातात ठेवलं. “घाल. डॉयल वाट बघतोय.”