मंगळवार, अकराची चाचणी

अकराला दोन मिनिटं कमी होती आणि घंटीकाकांचा जीव टांगणीला लागला होता.

घंटीकाका हे नाव कचेरीतल्या टवाळांनी ठेवलेलं. काकांच्या टेबलावर एकच फोन, तो थेट शेजारच्या देशाच्या सरकारी कचेरीत वाजणारा. चोरट्यांनी इकडच्या नाहीतर तिकडच्या कॉम्प्युटरांवर हल्ला केला, तर एकमेकांना लगेच कळवायचं आणि मदत करायची, असा दोन सरकारांचा करार होता. प्रत्यक्षात अकरा वर्षांत तो फोन वाजला तो दर मंगळवारी अकराला, चालू आहे की नाही एवढं बघायला. पलीकडच्याने आठ अंक वाचायचे, काकांनी ते परत म्हणून दाखवायचे, झालं काम. नीट ऐकू आलं नाही, तर ‘लाईन अस्पष्ट’ म्हणून नवे आठ अंक घ्यायचे. नावगाव विचारायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. दोन्हीकडे सगळं रेकॉर्ड होतं.

काकांची बायको चार दिवसांपासून मोठ्या इस्पितळात मशीनवर श्वास घेत होती. आज सकाळी सातला तिथल्या ऑक्सिजन बनवणाऱ्या यंत्रणेचे कॉम्प्युटर चोरट्यांनी कुलूपबंद करून टाकले. शिल्लक सिलिंडर एक वाजेपर्यंत पुरणार होते; बातमी दोन्ही देशांत पसरली होती. या टोळीचे अर्धे लोक गेल्याच महिन्यात पलीकडे पकडले गेले होते. उरलेल्यांनी तेच जुनं कुलूप वापरलं होतं आणि ते उघडणारा अठ्ठेचाळीस अंकी आकडा पलीकडच्या कचेरीत फायलीला लावलेला होता. मागायचा आणि घ्यायचा, एवढंच काम.

पण शनिवारी दोन्ही सरकारांचं बिनसलं. एकाने दुसऱ्याचा राजदूत हाकलला, दुसऱ्याने करार स्थगित केला. साहेब सकाळपासून मंत्रालयाचे उंबरे झिजवून आले. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. काकांनी सातपासून चाळीस वेळा फोन लावून पाहिला, पलीकडे कोणी घेईना. घ्यायची बंदीच आली होती. फक्त मंगळवारची चाचणी रद्द करायची राहून गेली होती, दोन्हीकडच्या शहाण्यांकडून.

अकराला फोन वाजला.

आधी खुर्ची कुरकुरली. पलीकडच्याची खुर्ची नेहमीच कुरकुरायची आणि अकरा वर्षांत त्या गृहस्थाला तिला दोन थेंब तेल घालावंसं वाटलं नव्हतं. त्याचं नाव काकांना ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात खोकतो, एवढं ठाऊक होतं. दोघांनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत त्याने आठ अंक वाचले. काकांनी ते म्हणून दाखवले. आता फोन ठेवायचा. काकांनी ठेवला नाही.

“माझी बायको त्या इस्पितळात आहे,” काका म्हणाले. “ऑक्सिजन एक वाजेपर्यंतच पुरेल तिला.”

पलीकडे मग खुर्ची कुरकुरली, पावलं लांब गेली, कुठलंसं कपाट उघडलं. पावलं परत आली.

“लाईन अस्पष्ट,” तो म्हणाला. “चाचणी पुन्हा घेतो.”

काकांना रडू फुटायचं बाकी होतं. लाईन तर आरशासारखी स्वच्छ होती. ते तसं म्हणालेही, पण पलीकडचा ऐकतच नव्हता. त्याने नवे आठ अंक वाचले. काकांनी ते रजिस्टरात उतरवले आणि कसेबसे म्हणून दाखवले.

“अस्पष्ट. पुन्हा.”

आणखी आठ. काका यंत्रासारखे लिहीत होते, डोळे घड्याळाकडे. चौथ्या ओळीला शाळेतला पाढा आपसूक ओठांवर आला. आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस, आठ चोक बत्तीस. पेन घामाने निसटलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.

पाचव्या वेळी पलीकडे दार आपटलं. कोणीतरी वरच्या पट्टीत काहीतरी विचारलं. पलीकडच्याने त्याला उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, “अस्पष्ट,” आणि आता घाईने वाचू लागला. आठवा अंक आला आणि फोन बंद झाला. आठ सक अठ्ठेचाळीस.

शेवटचे आठ ऐकायला पलीकडे कोणी उरलं नव्हतं. तरी काकांनी ते मेलेल्या फोनमध्ये मोठ्याने म्हणून दाखवले, मग पान फाडलं आणि वयाचा विचार न करता जिने उतरत धावले.

साडेबाराला कुलूप उघडलं.

पुढच्या मंगळवारपर्यंत बायको मशीनवरून उतरली होती. आवाज अजून खोल गेलेला, पण सकाळी तिने काकांचा हात धरून बजावलं होतं, “त्यांना माझा नमस्कार सांगा हो. नाव काय त्यांचं?”

अकराला फोन वाजला. खुर्ची कुरकुरली. काका हसत सरसावून बसले.

आवाज दुसऱ्याच कुणाचा होता, तरुण आणि कोरडा. त्याने आठ अंक वाचले.

काकांनी ते म्हणून दाखवले नाहीत.

“ऐकू आलं का?”

“लाईन अस्पष्ट,” काका म्हणाले. “पुन्हा घ्या.”

त्याने नवे आठ वाचले.

“अस्पष्ट.”

तिसऱ्यांदा वाचले. काकांनी एकही अंक लिहिला नाही. फोन कानाशी घट्ट दाबून ते त्या आवाजाच्या मागे, त्या खोलीत, कोणी खोकतंय का ते ऐकत होते.

“पुन्हा,” ते म्हणाले. “पुन्हा घ्या.”